स्वयंचलित गिअरपेटीतील दोषनिदान : इतिहास

मोटारगाडीच्या एंजिनाचा वेग व चाकांवर येणारा भार यांचा मेळ चालकाने क्लच न दाबता आणि दांडा न हलविता आपोआप घालणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित प्रेषण किंवा व्यवहारातील भाषेत ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स’ म्हणतात. ही यंत्रणा बिघडली असता दोष नेमका कोठे आहे हे पेटी न उघडता ठरविण्याची जी पद्धत गेल्या सु. ८० वर्षांत घडत गेली, तिचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. ‘पेटी न उघडता’ या शब्दांवर भर देण्याचे कारण असे की, हाताने बदलावयाच्या गिअरपेटीत कारागीर झाकण काढून झिजलेला दात डोळ्यांनी पाहू शकतो. स्वयंचलित पेटीतील दोष मात्र बहुधा तेलाच्या दाबाचा, वेळेचा किंवा विद्युत् संकेताचा असतो आणि पेटी खाली उतरविताच तो नाहीसा होतो. उघडलेल्या पेटीत उरतात ती दोषाची फळे : जळालेल्या चकत्या, काळे पडलेले तेल व धातूचा कीस. कारण न शोधता केवळ ही फळे बदलली, तर तोच बिघाड काही महिन्यांत पुन्हा उद्‌भवतो.

या काळात यंत्रणा चार वेळा तरी मुळापासून बदलली. नाव मात्र ‘ऑटोमॅटिक’ हेच राहिले. त्यामुळे निदानातील पहिला प्रश्न ‘बिघाड काय आहे’ हा नसून ‘ही ऑटोमॅटिक कोणत्या जातीची आहे’ हा होय. ज्या प्रदेशांत या यंत्रणेच्या सर्व पिढ्या क्रमाने आल्या तेथील कारागिरांना हे वेगळे सांगावे लागले नाही. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या भागात आधीच्या पिढ्या जवळजवळ आल्याच नाहीत आणि शेवटची पिढी एकदम आली. तेथे हा प्रश्न विसरल्याने गाडीमालकाचा नाहक खर्च होतो, तर स्थानिक कारागिराच्या हातचे काम जाते.

पूर्वपीठिका : गिअर आपोआप बदलावेत ही इच्छा मोटारगाडीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथील स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास फिरत्या वजनांवरील केंद्रोत्सारी प्रेरणेने गिअर बदलणारी पेटी बनविली. पण वेगात वजने निखळत असल्याने ती टिकली नाही. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) ही गाडी स्वयंचलित नव्हती; तथापि तिच्यातील ग्रहमाला दंतचक्रे (मध्यवर्ती दंतचक्राभोवती ग्रहांप्रमाणे फिरणाऱ्या लहान दंतचक्रांची रचना) व त्यांना आवळून धरणारे पट्टे हाच पुढील स्वयंचलित पेटीचा सांगाडा ठरला. या गाडीचा पट्टा झिजला की, चढावर एंजिन नुसतेच गुरगुरे व गाडी मागे राही. पट्टा आवळला की काम भागत असे. लक्षण, कारण व उपाय यांत एकाच पायरीचे अंतर होते. पुढील सर्व इतिहास हे अंतर वाढत गेल्याचा आहे.

दुसरा धागा जहाजबांधणीतून आला. जर्मनीतील श्टेटीन येथील व्हल्कन कारखान्यातील अभियंते हेर्मान फटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवीय प्रेषणाचे एकस्व (पेटंट) घेतले. वेगाने फिरणारे वाफेचे टरबाइन व सावकाश फिरावयाचा जहाजाचा पंखा यांची जोडणी दातांशिवाय करणे हा त्यांचा हेतू होता. तेलाने भरलेल्या कवचात पात्यांची दोन चक्रे समोरासमोर ठेवली असता एंजिनाला जोडलेले चक्र तेल भिरकावते आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरे चक्र फिरू लागते. एवढीच रचना असेल, तर ती द्रव-जोडणी होय. दोहोंच्या मध्ये तेलाची दिशा वळविणारे तिसरे चक्र बसविले की, पिळाचे बलही (टॉर्क) वाढते. अशा रचनेस ‘टॉर्क कन्व्हर्टर’ म्हणतात. इंग्लंडमधील डेमलर कंपनीने १९३० मध्ये द्रव-जोडणी आणि विल्सन यांची पूर्वनिवड गिअरपेटी यांची सांगड घातली. पण कोणता गिअर घ्यावयाचा हे चालकच ठरवीत असे.

दाबमापकाचे युग : पूर्णपणे स्वयंचलित व मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पेटी म्हणजे जनरल मोटर्सची ‘हायड्रा-मॅटिक’. अर्ल टॉम्पसन यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेली ही पेटी १९३९ च्या अखेरीस ओल्ड्‌समोबिल गाडीच्या १९४० सालच्या नमुन्यात देण्यात आली. तीत द्रव-जोडणी व पुढे जाण्याचे चार गिअर होते. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही वापरली गेली. टॉर्क कन्व्हर्टरवर आधारलेली ब्यूइक कंपनीची ‘डायनाफ्लो’ पेटी १९४८ मध्ये आणि शेव्हरोलेची ‘पॉवरग्लाइड’ १९५० मध्ये आली.

या पेट्यांचा मेंदू तेलाचा होता. एंजिनाने चालणारा पंप तेलाला दाब देई. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा एक दाब ‘गव्हर्नर’पासून (वेग-नियंत्यापासून) येई, तर प्रवेगक (ॲक्सिलरेटर) दाबल्यावर वाढणारा दुसरा दाब कार्ब्युरेटरच्या बाजूने येई. एका सरकत्या झडपेच्या दोन टोकांवर हे दोन दाब एकमेकांविरुद्ध झगडत. वेगाचा दाब जिंकला की झडप सरके, योग्य त्या क्लचकडे तेल जाई व वरचा गिअर पडे. चढावर प्रवेगक जोरात दाबलेला असल्याने वरचा गिअर उशिरा पडे. हा तेलाचा तराजू डोळ्यांना दिसत नाही, पण तो मोजता येतो. पेटीच्या कवचावर बूच लावलेली छिद्रे मुद्दाम ठेवलेली असत. तेथे दाबमापक जोडून कारागीर गाडी चालवून पाही. साधारणतः मंदगतीस काही वातावरणदाब व रिव्हर्समध्ये पूर्ण भाराखाली त्याच्या तिप्पट-चौपट असे आकडे मिळत. सर्वच गिअरमध्ये दाब कमी असेल, तर संशय पंप, गाळणी किंवा दाबनियंत्रक झडप यांवर जाई. एकाच गिअरमध्ये कमी असेल, तर त्या क्लचच्या दट्ट्याचे रबरी सील गळत आहे असे ठरे.

दुसरी कसोटी ‘स्टॉल’ म्हणून प्रसिद्ध आहे. चाकांना ओट लावून, ब्रेक पूर्ण दाबून व दांडा ‘डी’वर ठेवून प्रवेगक पूर्ण दाबावयाचा आणि एंजिनाचे दर मिनिटास किती फेरे होतात ते वाचावयाचे. पुष्कळ गाड्यांत हा आकडा १,८०० ते २,५०० च्या दरम्यान येतो. तो ठरलेल्यापेक्षा बराच जास्त आला, तर पेटीतील क्लच किंवा पट्टा घसरतो आहे. तो कमी आला, तर एंजिनच अशक्त आहे, किंवा कन्व्हर्टरमधील मधल्या चक्राचा एकदिश क्लच निकामी झाला आहे. सर्व शक्ती तेल तापविण्यातच जात असल्याने ही कसोटी पाच सेकंदांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये, असा दंडक आहे. एकाच आकड्यावरून एंजिन व पेटी यांतील दोषी कोण हे सांगणारी इतकी स्वस्त कसोटी मोटारदुरुस्तीत दुसरी क्वचितच असेल. मात्र ती टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पेटीपुरतीच खरी आहे, हे पुढे महत्त्वाचे ठरले.

वगळणीचे तर्कशास्त्र : फोर्ड कंपनीत पूर्वी काम केलेले अभियंते हॉवर्ड सिंप्सन यांनी एकाच मध्यवर्ती दंतचक्रावर दोन ग्रहमाला बसवून तीन गिअर देणारी सुटसुटीत रचना शोधली. क्रायस्लर कंपनीने ती १९५६ च्या ‘टॉर्कफ्लाइट’ पेटीत वापरली व नंतर इतर कंपन्यांनीही स्वीकारली. या रचनेमुळे निदानाला पहिल्यांदाच गणितासारखे रूप आले. तीत पुढील सर्व गिअरसाठी एक क्लच लागतो; तिसरा गिअर व रिव्हर्स या दोहोंसाठी आणखी एक क्लच लागतो; दुसऱ्या गिअरसाठी एक पट्टा, तर रिव्हर्ससाठी दुसरा पट्टा आवळावा लागतो; आणि ‘डी’मधील पहिला गिअर एकदिश क्लचवर चालतो. आता समजा, गाडी पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये नीट चालते, पण तिसऱ्यात घसरते. दोष तिसऱ्या गिअरमध्ये लागणाऱ्या क्लचचा की तेथपर्यंत तेल सोडणाऱ्या झडपेचा ? रिव्हर्स घालून पाहावे. रिव्हर्सही घसरला, तर दोहोंत समान असलेला क्लच दोषी. रिव्हर्स घट्ट बसला, तर क्लच निर्दोष असून संशय दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर नेणाऱ्या झडपेवर येतो. पाच मिनिटांच्या चालीत, एकही स्क्रू न काढता, हा निवाडा होतो. कोणत्या गिअरमध्ये कोणता भाग कामास लागतो हे दाखविणारा तक्ता तेव्हापासून दुरुस्तीच्या प्रत्येक पुस्तकात असतो. तो तक्ता वाचता येणारा व न येणारा अशा कारागिरांच्या दोन श्रेणी तेव्हाच पडल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

काही लक्षणे मात्र तक्त्यात न बसणारी होती. जनरल मोटर्सच्या १९६४ पासूनच्या मोठ्या पेट्यांत एंजिनाचा भार कळण्यासाठी निर्वाताने हलणारा पडदा (मॉड्युलेटर) बसवीत. तो फाटला की, एंजिन त्यातून पेटीचे तेल ओढून घेई. धुराड्यातून पांढरा धूर निघे, गिअर उशिरा व धक्क्याने पडत आणि बाहेर कोठेही गळती न दिसता पेटीतील तेल कमी होई. धूर पाहून एंजिन खोलणारे अनेक निघाले. वास्तविक पडद्याला जोडलेली रबरी नळी काढून तीत तेलाचा अंश आहे का हे पाहणे पुरेसे होते.

तेलाची साक्ष : स्वयंचलित पेटीत तेल वंगण म्हणून, शक्ती वाहून नेणारे माध्यम म्हणून, क्लचच्या चकत्यांमधील घर्षण ठरविणारा घटक म्हणून आणि उष्णता बाहेर नेण्यासाठी अशा चारही कामांना लागते. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ या नावाने अशा तेलाचे पहिले विनिर्देश (आवश्यक गुणधर्मांचा तपशील) ठरविले. ‘डेक्स्रॉन’ मालिका १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली. एंजिनाच्या तेलाहून ते निराळे ओळखू यावे म्हणून त्यास लाल रंग देण्याची प्रथा पडली. घर्षण योग्य राहावे म्हणून त्यात प्रारंभी स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत. अमेरिकेने १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी या तेलाच्या वापरावर बंदी घातल्यावर पर्यायी रसायने शोधावी लागली.

कारागिराच्या दृष्टीने तेल हा पहिला साक्षीदार होय. तपकिरी व करपट वासाचे तेल क्लच जळाल्याचे सांगते. गुलाबी दुधासारखे तेल म्हणजे रेडिएटरमधील शीतक नळी फुटून पाणी मिसळले आहे. तेल फेसाळले असेल, तर ते पातळीपेक्षा जास्त भरले आहे आणि फिरती चक्रे ते घुसळीत आहेत. हवामिश्रित तेलाला दाब धरता येत नाही, म्हणून तेल अति झाले तरी लक्षणे तेल कमी पडल्यासारखीच दिसतात. तेल सु. ८०° से.च्या वर तापले की, दर १० ते ११ अंशांच्या वाढीमागे त्याचे आयुष्य निम्म्याने घटते, असा ढोबळ नियम दुरुस्तीच्या पुस्तकांत आढळतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात हवेचे तापमानच ४०° से.च्या पुढे जाते, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

महाराष्ट्रातील खंड : अमेरिकेत वरील शास्त्र वाढत असता भारताचा त्याच्याशी संबंध जवळजवळ तुटला, आणि याचे कारण तांत्रिक नव्हते. मुंबईत फोर्ड कंपनी १९२६ पासून, तर जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडी येथे परदेशी भाग आणून गाड्यांची जुळणी करीत असे. केवळ जुळणी करणाऱ्या आणि देशात भाग बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी व्यवसाय आवरावा, असे धोरण केंद्र शासनाने १९५३ मध्ये स्वीकारले व १९५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्या बाहेर पडल्या. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कुर्ला येथे प्रथम क्रायस्लरच्या व नंतर फियाटच्या गाड्या बनवू लागली. फियाट, अँबॅसडर व स्टँडर्ड या प्रचलित देशी गाड्यांत हाताचाच गिअर होता. स्वयंचलित पेटी पाहावयाची, तर ती मुंबईतील एखाद्या जुन्या आयात अमेरिकन गाडीत. त्यामुळे दाबमापक, स्टॉल कसोटी व वगळणीचा तक्ता यांवर वाढलेली कारागिरांची पिढी येथे तयार झाली नाही. स्वदेशी उत्पादनाचे धोरण इतर दृष्टींनी फलदायी होते, हे मान्य करूनही ही उणीव नोंदविणे भाग आहे.

मारुती गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली. १९९१ नंतर परदेशी कंपन्या पुन्हा येऊ लागल्या. तथापि स्वयंचलित गाडी महाग, तेल जास्त खाणारी व दुरुस्तीस अवघड हा समज बराच काळ टिकला. पहिले दोन आक्षेप त्या काळी खरेच होते.

संकेतांकांचे युग : दरम्यान पेटीचा मेंदू तेलाचा राहिला नव्हता. रनॉल्ट कंपनीने १९६९ मध्ये आणि टोयोटा कंपनीने १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या पेट्या बाजारात आणल्या. १९८० नंतरच्या दशकात सूक्ष्मप्रक्रियकामुळे ही पद्धत सार्वत्रिक होऊ लागली. गव्हर्नरची जागा वेग मोजणाऱ्या संवेदकाने (सेन्सरने) घेतली. झडपा सरकविण्याचे काम सोलेनॉइडकडे (विद्युत् चुंबकाने हलणाऱ्या खिट्टीकडे) आले. दोष आढळल्यास संगणक तो स्मृतीत नोंदवितो व पेटीचे अधिक नुकसान होऊ नये म्हणून गाडीला एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. गाडी अचानक मंद झाली, गिअर बदलत नाही आणि किल्ली बंद-चालू केल्यावर पुन्हा नीट चालते, ही तक्रार या संरक्षक अवस्थेची असते.

संक्रमणकाळाचे उदाहरण म्हणून क्रायस्लरच्या १९८९ मधील ‘ए-६०४’ या पेटीचा उल्लेख करतात. गिअरची पकड स्वतः शिकून जुळवून घेणाऱ्या आरंभीच्या पेट्यांपैकी ती एक होय. तिला विशिष्ट तेल लागत असता सर्वत्र मिळणारे ‘डेक्स्रॉन’ वापरले गेल्याने थरथर व घसरण यांच्या पुष्कळ तक्रारी आल्या. नियंत्रण संगणकाचे झाले, तरी घर्षण तेलाचेच राहिले होते.

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारगाडीत एकसारख्या जोडणीची व एकसारख्या संकेतांकांची निदानव्यवस्था सक्तीची झाली. भारतात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून व दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. हातात मावणारे वाचनयंत्र (स्कॅनर) जोडले की, ‘पी ०७००’ किंवा ‘पी ०७३०’ असा संकेतांक दिसतो. या सोयीने एक गैरसमजही रूढ झाला. संकेतांक हा बिघडलेल्या भागाचे नाव नव्हे. ‘पी ०७००’ याचा अर्थ इतकाच की, पेटीच्या संगणकाने काहीतरी नोंदविले आहे. ते काय, हे त्या संगणकातच वाचावे लागते. ‘पी ०७३०’ म्हणजे पेटीत शिरणारा वेग व बाहेर पडणारा वेग यांचे प्रमाण कोणत्याच गिअरशी जुळत नाही. क्लच घसरत असेल, दाब कमी असेल किंवा वेग मोजणारा संवेदकच खोटे बोलत असेल. तिन्ही स्थितींत संकेतांक एकच. त्यांतील कोणती खरी, हे पुन्हा जुन्या वगळणीच्या रीतीनेच ठरवावे लागते.

याहून सूक्ष्म अडचण पेटीच्या शिकण्याच्या शक्तीतून निर्माण झाली. चकत्या झिजू लागल्या की, संगणक दाब थोडा वाढवून गिअर पूर्ववत गुळगुळीत पडेल असे करतो. चालकाला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. आणि वाढविण्याजोगा दाब संपला की, एका आठवड्यात पेटी निकामी होते. जुनी पेटी आपले दुखणे धक्क्यांनी सांगत असे, नवी ते झाकून ठेवते. म्हणून संकेतांक नसतानाही संगणकाने किती जुळवून घेतले आहे ते आकडे वाचणे, हा नव्या निदानाचा खरा गाभा होय. स्वस्त वाचनयंत्रांत हे आकडे बहुधा दिसत नाहीत.

एका नावाच्या चार जाती : टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीखेरीज आणखी तीन रचना ‘ऑटोमॅटिक’ या नावाने विकल्या जातात. पहिली पट्ट्याची : नेदर्लंड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्टा व रुंदी बदलणाऱ्या कप्प्या यांवर चालणारी गाडी आणली, पुढे रबराऐवजी पोलादी पट्टा आला. भारतात होंडा सिटी गाडीतून ही ‘सीव्हीटी’ रचना परिचित झाली. तीत ठरलेले गिअर नसल्याने ‘तिसरा गिअर घसरतो का’ हा प्रश्नच अर्थहीन ठरतो. नेहमीचे लाल तेल घातले, तर पट्टा व कप्पी यांची पकड जाते. दुसरी दोन क्लचची : ॲडॉल्फ केग्रेस यांची १९३९ च्या सुमारासची ही कल्पना फोक्सवॅगन कंपनीने २००३ मध्ये सर्वसामान्य गाडीत उतरविली. तिसरी, आणि येथे सर्वांत महत्त्वाची, ‘एएमटी’. ही मुळात नेहमीची हाताची गिअरपेटी व कोरडा क्लच होय. फक्त चालकाच्या पायाचे व हाताचे काम पंप, दाबसंचयक व सोलेनॉइड करतात. मारुती कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ गाडीत मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीची ही यंत्रणा दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटांची झेस्ट गाडी डीझेल एंजिनासह तीत आली. मूळ गाडीच्या किंमतीत अल्प वाढ करून मिळणारी ही पहिली ऑटोमॅटिक असल्याने महानगरांबाहेर ती पोहोचली.

धाराशिव जिल्हा : गंमत अशी की, फटिंगर यांचे तत्त्व या जिल्ह्यात मोटारीच्या कितीतरी आधी रुळांवरून आले होते. येडशी, ढोकी या गावांवरून लातूरला जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी मार्गावर वाफेच्या एंजिनांनंतर जी डीझेल एंजिने धावली, ती द्रवीय प्रेषणाची होती. मार्ग २००८ च्या सुमारास रुंदमापी झाला व ती एंजिने गेली. रेल्वेच्या कार्यशाळेतील ते ज्ञान मोटारदुरुस्तीच्या गाळ्यांपर्यंत आले नाही.

जिल्ह्याचे मूळ नाव धाराशिव २०२३ मध्ये अधिकृतपणे परत आले. गाड्यांची ‘एमएच २५’ ही नोंदणीखूण कायम आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–बीड हा महामार्ग आणि नळदुर्ग व उमरगा यांवरून जाणारा पुणे–हैदराबाद महामार्ग या दोन प्रमुख वाटांवर येथील वाहतूक आहे. बालाघाटच्या रांगांमुळे तुळजापूरजवळ व येडशीच्या बाजूस घाट लागतात. धाराशिवपासून सोलापूर सु. ६५ किमी. व लातूर सु. ७५ किमी.; कंपन्यांचे विशेष निदानयंत्र व प्रशिक्षित माणूस हवा असल्यास बहुधा तेवढे अंतर, नाहीतर पुण्यापर्यंत २५० किमी. जावे लागते. भूम, परंडा किंवा लोहारा तालुक्यातील गाडीमालकाच्या दृष्टीने चुकीच्या निदानाची किंमत प्रथम या अंतरात मोजली जाते.

येथील कारागिराकडे एएमटी आली की, दोन उलट चुका संभवतात. ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने दबून जाऊन तो गाडीला हात लावीत नाही, आणि मालक सोलापूरची वाट धरतो. वास्तविक तिच्यातील दंतचक्रे, सिंक्रोनायझर कडी व क्लचपट्टी ही सर्व त्याच्या रोजच्या ओळखीची असतात. किंवा टॉर्क कन्व्हर्टरसाठी असलेली स्टॉल कसोटी तो ऐकीव माहितीवर एएमटीवर लावतो. तीत कन्व्हर्टरच नसल्याने कसोटीतून काही कळत नाही. उलट कोरडी क्लचपट्टी मात्र करपू शकते.

एएमटीचे निदान निराळ्या क्रमाने करतात. प्रथम बॅटरीचा दाब व जमिनीची (अर्थिंगची) तार पाहावी. पंप व सोलेनॉइड यांना पुरेसा विद्युत् दाब न मिळाल्यास गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि दोष पेटीचा भासतो. त्यानंतर ब्रेकच्या पेडलावरील स्विच पाहावा. ब्रेक दाबल्याचा संकेत न मिळाल्यास यंत्रणा गिअर घेतच नाही, आणि मागचा लाल दिवा लागतो की नाही एवढे पाहिल्याने पुष्कळदा उलगडा होतो. चालकाचे दार उघडताच अनेक गाड्यांत पंपाची घूं अशी घरघर ऐकू येते व काही सेकंदांत थांबते. ती आलीच नाही, तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज संशयित; ती वरचेवर येत राहिली, तर दाबसंचयक दाब धरीत नाही किंवा कोठेतरी गळती आहे. यंत्रणेच्या छोट्या टाकीतील तेलाची पातळीही येथेच पाहून घ्यावी. या चार गोष्टींना वाचनयंत्र लागत नाही.

क्लचपट्टी झिजल्यास ती बदलणे गाळ्यातील कारागिराला सहज जमते. पण नवी पट्टी नेमकी कोठे पकड घेते हे संगणकाला पुन्हा शिकवावे लागते, आणि ते करणारे वाचनयंत्र नसल्यास गाडी धक्के देत सुटते. चांगले बसविलेले काम वाईट ठरते ते येथे. अशा वेळी पट्टी सदोष समजून ती दुसऱ्यांदा बदलणे व्यर्थ होय.

शारदीय नवरात्रात तुळजापूरला येणाऱ्या गाड्यांची चढावर मुंगीच्या पावलाने रांग लागते. तेथे ब्रेकऐवजी प्रवेगकावर पाय ठेवून गाडी जागेवर धरली की, एएमटीचा क्लच अर्धवट पकडीत राहून तापतो, करपट वास येतो व फलकावर इशारा लागतो. तो बिघाड नसून वापराचा परिणाम असतो; गाडी सपाटीवर उभी करून क्लच थंड होऊ द्यावा आणि नंतर हातब्रेकच्या आधाराने चढ सुरू करावा. तापल्याचा इशारा पुन्हा मोकळ्या रस्त्यावरही आला, तरच क्लच तपासावा.

बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून नेण्याची रीत ग्रामीण भागात सर्रास आहे. कन्व्हर्टरच्या जुन्या अमेरिकन पेट्यांपैकी अनेकींत चाकांवरून फिरणारा दुसरा पंप असे. तो १९६० नंतरच्या दशकात काढून टाकण्यात आला. तेव्हापासून एंजिन बंद असता पेटीत तेल फिरत नाही, आणि चालक चाके रस्त्यावर ठेवून अशी गाडी काही किलोमीटर ओढली तरी आतील भाग कोरडे घासून निकामी होतात. पट्ट्याच्या रचनेसही हेच लागू आहे. एएमटीत तेलाचा हा धोका नसतो. पण बॅटरी उतरल्यावर ती गिअरमध्ये अडकलेली असेल, तर तिला न्यूट्रलमध्ये आणता येत नाही, आणि ओढल्यास चाके घासत जातात. म्हणून गाडीची जात माहीत नसेल, तेव्हा चालक चाके उचलून किंवा सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच ती हलवितात.